पुस्तकांची पेटी

वाचावयास शिकलेला मनुष्य वाचणे विसरू शकतो काय? प्रश्न विचित्र वाटेल; परंतु ज्या घरात एकही पुस्तक नाही, त्या घरातील मुलगा शाळा सोडून शेताच्या कामास लागला, की काही वर्षांत त्याला चार ओळी वाचणेही जड जाऊ लागते. बडोदे संस्थानचे अधिपती महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे हाच प्रश्न उभा होता. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. गावोगावी मुले वाचू लागली. पण शाळेबाहेर पडल्यावर त्यांनी वाचावे काय?

अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालांस बडोद्यास आणले. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह प्रजेसाठी खुला झाला, शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, स्त्रियांसाठी व मुलांसाठी निराळी व्यवस्था झाली, आणि ग्रंथपालाचे काम शिकविणारे वर्गही निघाले.

एवढे होऊनही खेड्यातील शेतकऱ्याची अडचण दूर झाली नसती. एका पुस्तकासाठी कोसच्या कोस तुडवीत शहरात कोण जाणार? म्हणून असा नियम करण्यात आला, की गावाने ग्रंथालयासाठी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने व तेवढीच सरकारने द्यावी. गावाचा एक रुपया असा तीन रुपयांचा होई. ज्या गावास तेवढेही शक्य नव्हते, तेथे पेटी जाई. भक्कम लाकडी पेटी, तिच्यात पंधरा ते तीस पुस्तके. वाहतुकीचा खर्च सरकारचा. गावातील एखादा जबाबदार गृहस्थ ती ताब्यात घेऊन पुस्तके लोकांना वाचावयास देई. वाचून झाली की पेटी परत जाई. ज्यांना अक्षरओळखच नव्हती, त्यांच्यासाठी पडद्यावर चित्रे दाखविण्याची सोयही ग्रंथालय खात्याने केली होती. वाचता न येणाऱ्यांचीही ग्रंथालयाने चिंता वाहावी, हे मला विशेष मोलाचे वाटते.

आज मोठ्या ग्रंथालयाची जी शाखा एखाद्या पेठेत किंवा उपनगरात असते, तिचा हेतू त्या पेटीहून निराळा नाही. वाचकाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर पुस्तक आणून ठेवणे, हेच तिचे काम. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. नागरिकांनी स्थापन केलेल्या संस्था पुष्कळ ठिकाणी ग्रंथालये चालवितात व सरकार त्यांना अनुदान देते. अनामत रक्कम आणि थोडी वर्गणी भरली, की पुस्तक घरी नेता येते. वाचनकक्षात वर्तमानपत्रे असतात. शब्दकोश व ज्ञानकोश तेथेच बसून पाहावयाचे असतात. घरी अभ्यासाला जागा नसलेली मुले सायंकाळी अभ्यासिकेचा आसरा घेतात. हवे ते पुस्तक शाखेत नसले, तर ते मुख्य ग्रंथालयातून मागविता येते. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते!

अशा शाखेचे पुढील बेत कसे ठरतात, हेही पाहण्याजोगे आहे. पैसा नेहमीच तुटपुंजा. अभ्यासिकेत आणखी बाके घालावीत, की संगणक घ्यावा? अंध वाचकांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तके आणावीत, की बालविभागात नवे कपाट करावे? समितीपुढे तेव्हा देवघेवीच्या नोंदी येतात. समजा, वर्षभरात बालविभागातील पुस्तके फारशी बाहेर गेलीच नाहीत. मग कोणी म्हणतो, "मुलांना आता वाचन नको आहे, त्या कपाटावर खर्च कशाला?" युक्तिवाद सरळ दिसतो, परंतु तो पुरा नाही. शाखा उघडी असते त्याच वेळी मुले शाळेत असतील, तर नोंद रिकामीच राहणार. जाणता ग्रंथपाल आधी वेळ बदलून पाहतो. कपाट हलविण्याची गोष्ट नंतर. एकदा बालविभाग बंद झाला, तर तो पुन्हा उघडणे सोपे नसते.

कित्येकदा शाखेलाच बाहेर पडावे लागते. १९३१ साली दक्षिणेत मन्नारगुडीच्या परिसरात बैलगाडीतून पुस्तके खेड्यापाड्यांत फिरली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली, तीही पेट्यांचीच. वाचकांच्या एका गटाकडे पेटी द्यावयाची, वाचून झाली की ती पुढच्या गटाकडे जावयाची. या पेट्या परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचल्या आहेत. एखाद्या लहान शाखेलाही जवळच्या शाळेत अशी पेटी पाठविता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

पेटीत कोणती पुस्तके भरावयाची, हे ग्रंथपालाने एकट्याने ठरविण्याचे कारण नाही. टेबलावर मागणीची वही ठेवता येते. हव्या असलेल्या पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, मागणाराचे नाव आणि तारीख, एवढेच तीत लिहावयाचे. समितीची बैठक भरली, की नोंदींच्या शेजारी ती वही उघडून ठेवावी. बारा वर्षांच्या वाचकाची ओळ आणि साठ वर्षांच्या वाचकाची ओळ तेथे एकाखाली एक वाचली जाते.