दृष्टिदोष व लेसर शस्त्रकर्म : वैद्याने कोणता सल्ला द्यावा?

मालवण, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यावर समुद्रात काम करणाऱ्या तरुणास चष्मा ही नित्याची अडचण असते. खाऱ्या तुषारांनी काचा धूसर होतात आणि पाण्याखाली तर चष्मा चालतच नाही. असा तरुण गोव्यास वा कोल्हापुरास लेसर शस्त्रकर्मासाठी जाण्यापूर्वी पुष्कळदा परिचयाच्या वैद्यास विचारतो, ‘ऑपरेशन करू, की औषधाने नंबर जाईल?’ या प्रश्नाचे उत्तर जबाबदारीने दिले पाहिजे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले असून त्यांपैकी १२ दृष्टिगत आहेत. द्वितीय पटलगत तिमिरात दूरचे जवळ व जवळचे दूर भासते, सुईचे नेढे दिसत नाही, असे वर्णन आहे. या साम्यावरून ‘त्रिफळाघृताने चष्मा सुटेल’ असे आश्वासन देणे मात्र योग्य नाही. मायनस नंबरात बहुधा नेत्रगोलाची लांबी वाढलेली असते. ती औषधाने कमी होत नाही.

लेसरने लांबी बदलत नाही, स्वच्छमंडलाची वक्रता बदलते. १९८१ मध्ये भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन व त्यांचे सहकारी यांनी आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत एक्सायमर लेसर आसपासचा भाग न जाळता ऊतक कोरतो, हे दाखविले. लॅसिकमध्ये स्वच्छमंडलाचा पातळ पापुद्रा उचलून खालचा भाग कोरतात व पापुद्रा परत बसवितात.

येथे हिशेब महत्त्वाचा. ६ मिलिमीटर क्षेत्रासाठी एका नंबरास सुमारे १२ मायक्रॉन ऊतक जाते. स्वच्छमंडलाची जाडी ४९० मायक्रॉन, पापुद्रा ११० व नंबर उणे ९ असल्यास १०८ मायक्रॉन जाऊन खाली २७२ उरतात. किमान २५० उरावेत, असा संकेत आहे. म्हणजे हा रुग्ण सीमेवरच आहे. फार कोरल्यास स्वच्छमंडल दुर्बळ होऊन पुढे येऊ शकते.

रुग्णास पाठविण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात : वय १८ पूर्ण आहे काय? वर्षभर नंबर स्थिर आहे काय? गर्भारपण, स्तन्यपान, अनियंत्रित मधुमेह, आमवातासारखा व्याधी किंवा तीव्र नेत्रशुष्कता आहे काय? सैन्य, नौदल वा तटरक्षक दलात जावयाचे असल्यास त्या पदाचे नियम आधी पाहण्यास सांगावे. शस्त्रकर्मानंतरही चाळीशी टळत नाही व दृष्टिपटलाची तपासणी सुटत नाही, हेही स्पष्ट करावे. कोरडेपणा व रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे हे त्रास काहींना होतात. डोळ्यास मार लागण्याचा संभव असलेल्यांनी पापुद्र्याविना होणाऱ्या पद्धतीविषयी नेत्रतज्ज्ञास विचारावे.

शस्त्रकर्मानंतर आश्चोतन, अंजन, तर्पण वा मधाचे थेंब नेत्रतज्ज्ञाच्या संमतीविना करू नयेत. समुद्रस्नान व डुबकीही त्यांनी परवानगी देईपर्यंत वर्ज्य.

औषधविक्रेत्यांस विशेष विनंती : स्टेरॉइडचे थेंब जुन्या चिठ्ठीवर पुन्हा देऊ नयेत. दीर्घकाळ वापराने नेत्रदाब वाढून दृष्टीची हानी होते, आणि ती भरून निघत नाही. वेदना, लाली वा दृष्टी मंदावणे दिसताच रुग्णास थेंब न देता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

चष्मा हा व्याधी नव्हे, सोय आहे. तो काढावा की ठेवावा, हे रुग्णानेच ठरवावे. त्याचा निर्णय खऱ्या माहितीवर व्हावा, एवढे पाहणे हे आपले कर्तव्य होय.