पणजीचे माहेर शोधताना



शाळेत मुलांना घराण्याची वंशावळ लिहायला सांगितली की पणजोबांचे नाव बहुतेकजण घरी विचारून आणतात. पणजीची जागा मात्र कोरी राहते. कोणी 'अमक्याची बायको' एवढेच लिहितो. जिने वेठबिगारीत राबून आपली पिढी जगविली, तिचे नाव आणि माहेर आपल्याला ठाऊक नसावे काय ?

परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव लागले ते 'भिवा रामजी आंबेडकर'. पित्याचे नाव आले, मातेचे आले नाही. तरीही माता भीमाई ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकर घराण्याच्या, सुभेदार-मेजर धर्माजींच्या कन्या, हे आपण जाणतो. घराणे सैन्यातले होते, आणि सैन्यात माणसाच्या नाव, गाव, हुद्द्याची नोंद होई. शिवाय बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी मातुल घराण्याची माहिती लिहून ठेवली. आपल्या पणजीसाठी हे काम आपणच केले पाहिजे.

आपल्या हिंगोली भागात ते थोडे अवघड आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी राजवटीत होता. दफ्तर उर्दूत चाले. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. म्हणून परभणीलाही चौकशी करावी. क्रम असा ठेवावा :

१) घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ आधी बसा. पणजीचे नाव, माहेरचे गाव, भावांची नावे विचारा. जात्यावरच्या ओव्यांत बाया भावाचे आणि माहेरचे नाव घेत. आठवतील त्या उतरून घ्या.

२) गाव कळले की तिच्या बापाचे व भावाचे नाव खासरा पत्रक, पाहणी पत्रक आणि शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर यांत पाहा. बाईची वाट बहुधा भावाच्या नोंदीतून सापडते.

३) जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ आणि १९५१ चे राष्ट्रीय नागरिक रजिस्टर जेथे शिल्लक असेल तेथे पाहा.

४) उर्दू किंवा मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. रीतसर अर्ज करून नक्कल घ्या.

नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नव्हे. गाव, बाप, भाऊ हेही जुळले पाहिजेत. भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगितले. तोच नियम येथे लावा.

जुन्या कागदांत आपल्या लोकांची जात हीन शब्दांत लिहिलेली आढळेल. लाजू नका आणि कागद फाडूही नका. लाज लिहिणाऱ्या व्यवस्थेची आहे. शिवाय महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि १९९० च्या कायद्याने त्या सवलती बौद्धांनाही मिळाल्या. मात्र त्या कामी वडिलांकडील नोंद लागते. पणजीचा शोध आपल्या कृतज्ञतेसाठी आहे.

थेरीगाथेत पाणी भरणारी दासी पुण्णा स्वतःच्या नावाने उभी आहे. धम्माने दासीचे नाव राखले. आपण पणजीचे का हरवावे? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदांवर आईचे नाव लागते. मागील पिढ्यांचे आपण लिहू.

अभ्यास : पुढील पौर्णिमेपर्यंत आई, आजी, पणजी यांची नावे व माहेरची गावे वहीत लिहा. बुद्धवंदनेनंतर ती घरात मोठ्याने वाचा.

जयभीम !