तोंडावर पडला आणि डॉक्टर दूर!

समजा, शाळेची सहल गडावर गेली आहे. उतरताना एका मुलाचा पाय घसरतो आणि तो तोंडावर आपटतो. क्षणात चेहरा रक्ताने माखतो. खालचे गाव दोन तासांच्या वाटेवर! अशा वेळी काय कराल?

आधी एक प्रयोग करा. दात घट्ट आवळा. गालाचा जो स्नायू टणक होईल, त्याच्या पुढच्या कडेशी, खालच्या जबड्याच्या हाडावर बोट हलकेच ठेवा. ठोके लागले? ही चेहऱ्याची धमनी. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. म्हणून तेथील लहान जखमही खूप वाहते आणि म्हणूनच ती लवकर भरूनही येते. तेव्हा रक्त पाहून घाबरू नका. मोठा धोका निराळाच आहे. रक्त, उलटी किंवा तुटलेला दात घशात गेल्यास श्वास अडकतो.

१. श्वास : शुद्धीवर असलेल्याला बसवून पुढे वाकवा. रक्त थुंकू द्या, गिळू देऊ नका. मान दुखत असेल, तर ती हलू देऊ नका. बेशुद्ध आहे, पण श्वास चालू आहे, अशा वेळी डोके, मान व धड एका रेषेत धरून त्याला कुशीवर वळवा.

२. रक्तस्राव : स्वच्छ कापडाची घडी जखमेवर १० ते १५ मिनिटे दाबून धरा. मधेच उचलून पाहू नका; धरू लागलेली गुठळी निघून येते. हाड खचल्यासारखे वाटले, तर तेथे जोर देऊ नका. नाका-कानातून पाण्यासारखा द्रव येत असेल, तर कवटीला इजा झालेली असू शकते. तेथे बोळा घालू नका.

३. दात : पक्का दात मुळासकट निघाला, तर मुळाला हात न लावता उचला. मळला असेल तर पाण्याने नुसता विसळा, घासू नका. मुलगा पूर्ण शुद्धीवर असेल तर दात लगेच खाचेत बसवा आणि रुमाल चावून धरायला सांगा. ते जमले नाही, तर दात दुधात ठेवा. साध्या पाण्यात का नाही? परासरणामुळे पाणी मुळावरील जिवंत पेशींत शिरते व त्या फुगून फुटतात. दुधाचे दात मात्र पुन्हा बसवू नयेत.

४. डोळा : काही रुतले असेल तर उपसू नका, डोळा दाबू नका. वर कागदी पेला उपडा ठेवून चिकटपट्टी लावा.

जखमेत हळद, कॉफी, चुना वा माती भरू नका. त्याने जंतू आत जातात आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही.

हे सारे डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंतचे उपाय. शुद्ध हरपली होती, दृष्टी अंधूक झाली किंवा वरखालचे दात जुळत नाहीत, असे असेल तर मुलगा हसत असला तरी थांबू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. धनुर्वाताच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

पुढच्या सहलीच्या पिशवीत धुतलेल्या कापडाच्या चार घड्या, चिकटपट्टी, कागदी पेला आणि स्वच्छ पाणी आहे ना, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवा.