गज, वार आणि मीटर : कापड मोजण्याची व फाडण्याची जुनी रीत

कापडाच्या दुकानात भावाची घासाघीस दोघांसमोर होते. मापातली चूक मात्र तिथे कोणाला दिसत नाही. ती टेलर मास्तरांच्या मेजावर उघडी पडते आणि बोलही त्यांनाच ऐकावा लागतो. "कापड तर पुरेपूर घेतले होते, मग बाही आखूड कशी?" असे ग्राहक विचारतो. म्हणून कापड विकणारे आणि शिवणारे अशा दोघांनीही मोजण्याची जुनी रीत व तिच्यामागचे कारण समजून घेणे फायद्याचे आहे.

गज एक, लांबी वेगळी

सर्वांत जुने माप हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. ती साधारण १८ इंच धरीत. पण प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून गज आला. मात्र गजही सगळीकडे सारखा नव्हता. इंग्रजी अमदानीत मुंबईचा गज २७ इंचांचा, मद्रासचा ३३ इंचांचा आणि बंगालचा ३६ इंचांचा होता. पुढे ३६ इंचांचा वार रूढ झाला. त्याचे १६ भाग म्हणजे गिरह. एक गिरह सव्वादोन इंचांची.

१९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि वाराची जागा मीटरने घेतली. एक वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. नऊवारी हे नाव अजून टिकून आहे, पण तिची लांबी मीटरमध्ये सुमारे ८.२३ भरते. ५ वार आणि ५ मीटर यांत जवळजवळ ४३ सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून वयस्कर ग्राहकाने "पाच वार द्या" म्हटले, तर आधी खुलासा करून घ्यावा.

गादीवरचे मोजमाप

जुन्या दुकानात गादीवर तागा उलगडून लोखंडी गजाने मोजत. कापडाचा काठ गजाच्या टोकाशी चिमटीत धरायचा, दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा आणि तिथे अंगठा ठेवून पुढचा गज सुरू करायचा. सगळी मेख या अंगठ्यात आहे. दर मीटरला अंगठा एक सेंटिमीटर मागे सरकला, तर ५ मीटरमागे ५ सेंटिमीटर कापड कमी जाते. कापड ताणून धरले तरी तेच होते. होजियरीचे किंवा सैल विणीचे कापड ताण सुटताच आकसते. म्हणून कापड सपाट पसरून, सुरकुती काढून, पण न ताणता मोजावे.

फाडावे की कापावे?

साध्या विणीचे सुती कापड जुने दुकानदार कात्रीने पूर्ण कापत नसत. काठाला कात्रीने छोटी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी सर्रकन फाडायचे. हे घाईचे काम वाटते, पण त्यात शास्त्र आहे. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. फाडलेले कापड बाण्याच्या धाग्याला धरून जाते, म्हणून कड सरळ येते. कात्री तिरकी गेली, तर एका काठाला कापड पूर्ण आणि दुसऱ्या काठाला कमी भरते. टेलरच्या उपयोगी पडते ती कमी बाजूचीच लांबी. मखमल, जॉर्जेट, होजियरी यांना मात्र फाडणे चालत नाही. तिथे पन्ह्याच्या दोन्ही काठांवर मोजून खूण करावी आणि मगच कात्री चालवावी.

जास्त देण्याचाही हिशेब

काही दुकानदार खुणेपुढे बोटभर कापड सोडून फाडीत. ही चांगली रीत आहे, पण ती समजून-उमजून पाळावी. समजा, दिवसाला ४० तुकडे कापले आणि प्रत्येकात नकळत २ सेंटिमीटर जास्त गेले. दिवसाला ८० सेंटिमीटर आणि ३०० दिवसांत २४० मीटर! राजीखुशीने दिले तर ते दातृत्व. नकळत गेले तर तो तोटा, आणि तो भरून काढण्यासाठी पुढच्या ग्राहकाच्या वेळी अंगठा मागे सरकण्याचा मोह होतो.

घेताना आणि देताना एकच माप

तागा घेताना तो सैल सोडून मोजायचा आणि विकताना ताणून मोजायचा, ही खोड या धंद्यात जुनी आहे. घेताना भरपूर आणि देताना कमी, याच वृत्तीबद्दल कुरआनातील सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद आहे, हे आपण जाणतोच.

तेव्हा तीन गोष्टी पाळाव्यात. मीटरपट्टीची टोके झिजलेली किंवा वाकलेली नसावीत आणि तिच्यावर वैधमापन खात्याचा चालू शिक्का असावा. त्यासाठी दर दोन वर्षांनी पडताळणी करून घ्यावी लागते. दुसरे, कापड ग्राहकाला दिसेल असे मोजावे. तिसरे, टेलर बांधवांनी कापड हाती येताच ग्राहकासमोर दोन्ही काठांवर मोजून पावतीवर लांबी व पन्हा लिहावा. दोन मिनिटांचे हे काम पुढची तक्रार टाळते आणि चूक कोणाची, हेही तिथल्या तिथे स्पष्ट होते.