तिकीट तोडून काढलं तर? – पाचवीच्या वर्गातलं रेल्वेभाड्याचं गणित



अपूर्णांक शिकवताना पोळीचे, सफरचंदाचे, केकचे तुकडे करून आपण सगळेच कंटाळलो आहोत. मुलंही कंटाळली आहेत. यंदा मी पाचवीला 'एक तृतीयांश' शिकवायला रेल्वेचं तिकीट घेतलं, आणि तेही इंग्लंडचं. कारण घरातच होतं. माझ्या नणंदेची मुलगी ब्रिस्टलला शिकते. रविवारी फोनवर तिचं एकच पालुपद, "मामी, इथे तिकीट काढणं म्हणजे स्कॉलरशिपची परीक्षा आहे."

आधी तिथली पद्धत सांगते, म्हणजे गणित कळेल.

तिथे 'रेलकार्ड' नावाची गोष्ट असते. वर्षाचे पैसे एकदा भरायचे, की बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. १६ ते २५ वयाच्यांसाठी एक कार्ड आहे, आणि पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर वय पुढे गेलं तरी ते मिळतं (परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना हे बऱ्याचदा उशिरा कळतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे). साठीच्या पुढच्यांसाठी वेगळं, जोडीने फिरणाऱ्या दोघांसाठी वेगळं. लेकुरवाळ्या कुटुंबासाठीच्या कार्डावर मोठ्यांना एक तृतीयांश आणि ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के सूट मिळते. यातली बहुतेक कार्डं पूर्वी ३० पौंडांना होती, मार्च २०२५ मध्ये ३५ झाली.

मी फळ्यावर एवढंच लिहिलं: कार्ड ३५ पौंड, सूट १/३. कार्ड घ्यावं की नाही?

अर्धा वर्ग म्हणाला, "घ्यावं, सूट आहे ना!" सूट हा शब्द ऐकला की आपण मोठी माणसंही तेच करतो. मग विचारलं, ३५ पौंड वसूल व्हायला किती पौंडांचा प्रवास करावा लागेल? थोडी शांतता. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "एक भाग ३५ चा, असे तीन भाग. १०५." बरोबर. वर्षात १०५ पौंडांपेक्षा कमी प्रवास असेल तर कार्ड म्हणजे तोटा. कार्ड ३० ला होतं तेव्हा हाच आकडा ९० होता. पाच पौंडांनी किंमत वाढली, पण 'वसूल'ची रेघ पंधरा पौंडांनी सरकली. हे मुलांनी स्वतः शोधलं, मी फक्त खडू धरून उभी होते. एक बारकावाही आहे: या विद्यार्थी कार्डावर कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या आधी भाडं एका ठरावीक रकमेच्या खाली उतरत नाही, त्यामुळे सकाळच्या जवळच्या प्रवासाला सूट लागतेच असं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हे बंधन नसतं.

आता तिकीट तोडण्याची गंमत. लंडनहून ब्रिस्टलला जाताना वाटेत डिडकॉट नावाचं स्टेशन लागतं. लंडन ते ब्रिस्टल एक तिकीट काढण्याऐवजी लंडन ते डिडकॉट आणि डिडकॉट ते ब्रिस्टल अशी दोन काढली, तर सकाळच्या गाडीला ती मिळून बरीच स्वस्त पडू शकतात. गाडी तीच. उतरायचंही नाही. नियम एवढाच, की ती गाडी डिडकॉटला थांबणारी हवी. यात लपवाछपवी काही नाही, तिथल्या प्रवासाच्या नियमांत हे मान्य आहे.

असं का होतं? तिथे भाडं निव्वळ किलोमीटरवर ठरत नाही. १९९३ च्या कायद्यानंतर रेल्वे खाजगी कंपन्यांत वाटली गेली आणि स्टेशनांच्या एकेका जोडीचं भाडं वेगवेगळं ठरत गेलं. त्यात गर्दीच्या वेळेचं भाडं निराळं. सकाळी लंडनहून लांब जाणाऱ्या तिकिटाला गर्दीचा महाग दर लागतो, डिडकॉटपासूनच्या तिकिटाला त्याच गाडीत तो लागेलच असं नाही.

खरी भाडी सारखी बदलतात, म्हणून वर्गात मी सोपे आकडे धरले. समजा सरळ तिकीट ९० पौंड. तोडून ३० आणि ३६, म्हणजे ६६. त्यावर कार्डाची सूट २२. उरले ४४. नव्वदचा प्रवास चव्वेचाळीसला! वर्गात एकच गलका झाला.

(भाचीने एकदा ही सगळी कसरत केली आणि गाडीत फोनची बॅटरी संपली. कार्ड फोनमध्ये. कार्ड दाखवता आलं नाही तर सूट नाही, वर दंड. तेव्हापासून ती बॅटरीचं बाड सोबत बाळगते.)

गलका शांत झाल्यावर अपेक्षित प्रश्न आला: "बाई, मग आपण पण तोडून काढलं तर?"

आपल्याकडे उलट आहे, आणि का उलट आहे ते मुलांना सांगण्यासारखं आहे. भारतीय रेल्वेत अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो. त्यामुळे लांबचं एक तिकीट तोडून दोन केली, की दोन्हींना जवळच्या अंतराचा चढा भाव लागतो. शिवाय स्लीपरचं तिकीट असेल तर २० रुपये आरक्षण शुल्क आणि गाडी सुपरफास्ट असेल तर ३० रुपये अधिभार, हे दोन्ही दोनदा. म्हणजे ५० रुपये तर तिथेच गेले. एका मुलीने लगेच दाखला दिला, "आई तेलाची छोटी पिशवी आणते, ती महाग पडते म्हणते, तसं." अगदी तसं.

आपल्याकडे बचत आहे ती पासमध्ये. इथून मात्र धडा माझ्या हातातून निसटला.

आमची शाळा लोकलच्या मार्गावर आहे. बऱ्याच मुलांच्या आया धुण्याभांड्याला, कारखान्यात, दुकानात गाडीने जातात. फळ्यावर मांडलं: एक फेरी १० रुपये, महिन्याचा पास २१५ रुपये, कामाचे दिवस २६. रोज तिकीट काढलं तर ५२ फेऱ्यांचे ५२०. पासने ३०५ वाचतात. अकराव्या दिवशी संध्याकाळीच पास वसूल. मग तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा आणि वर्षाचा पास. त्यांना अनुक्रमे २.७, ५.४ आणि १०.८ महिन्यांचे पैसे लागतात. एका पोराने पटकन ओळखलं, की ५.४ म्हणजे २.७ ची दुप्पट आणि १०.८ म्हणजे चौपट. म्हणजे वर्षाचा पास घेऊन तीन महिन्यांच्यापेक्षा जास्त काही वाचत नाही. मला स्वतःला हे इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं.

गृहपाठ दिला: घरी कोण रोज तिकीट काढतं ते विचारा, त्यांचा हिशोब करून दाखवा.

दुसऱ्या दिवशी एका मुलाने वही उघडली नाही. जवळ बोलावलं तर म्हणाला, "आई बोलली, हिशोब मला पण येतो. एक तारखेला भाडं देऊन झाल्यावर २१५ हातात नसतात, २० असतात."

मी गप्पच झाले. इतका वेळ मी बचत शिकवत होते आणि बचतीला आधी भांडवल लागतं हे विसरले होते. इंग्लंडातही तेच की. भाचीला ३५ पौंड तिच्या वडिलांनी इथून भरले. तीन वर्षांचं एकदम घेतलं तर तेच कार्ड ८० ला पडतं, दरवर्षी घेतलं तर १०५. ज्याच्याकडे आज आहेत त्याला स्वस्त.

पालकसभेला त्या ताई भेटल्या. पहिल्या पासचे पैसे मी देते म्हटलं तर, "नको बाई, तुमचे किती जणांना पुरणार," म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. मग आम्ही तेच उदाहरण वर्गात पुन्हा घेतलं, या वेळी वेगळ्या प्रश्नाने: पहिला पास कसा येईल? रोजच्या तिकिटाशिवाय १० रुपये बाजूला टाकले तर २२ दिवसांत २२० जमतात. आणि पास हातात आला, की रोजचे २० सुटतात. ते डब्यात टाकत गेलं तर अकरा दिवसांत पुढचा पास तयार. म्हणजे अवघड फक्त पहिला. हे मुलांनी काढलं, आणि त्या मुलाने ते घरी जाऊन सांगितलं.

जाता जाता पालकांसाठी एक माहिती. गाडीने शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी रेल्वेचा घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत असतो, मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत. शाळेच्या कार्यालयात दाखल्यासाठी विचारा. न विचारल्यामुळे पैसे भरणारी घरं मी पाहिली आहेत.

त्या ताईंनी जुलैत पहिला पास काढला. ऑगस्टमध्येही काढला. सप्टेंबरमध्ये गणपतीत डब्यातले पैसे गेले आणि पुन्हा रोजचं तिकीट सुरू झालं. मुलाने त्या महिन्याचाही हिशोब केला: सुट्ट्या धरून कामाचे दिवस १८, तिकिटाचे ३६०, पासपेक्षा १४५ जास्त. वहीच्या शेवटच्या पानावर तो आता रोज एक आकडा लिहितो. काल तिथे ९० होते.