डबलसीटचे गणित

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. समजा, या गावची एक ताई स्कूटरवरून गेवराईकडे निघाली आहे. तिला अठरा वर्षे पूर्ण झाली असून परवानाही मिळाला आहे. मागे नववीतला धाकटा भाऊ बसला आहे. मोकळा रस्ता लागताच तो म्हणतो, “ताई, पळव की! त्या ट्रॅक्टरला मागे टाक!”

ताईने काय करावे? “गप्प बस” म्हटल्याने भागत नाही. नियमामागचे कारण पटले, तरच नियम पाळला जातो. आणि हे कारण तर भावाच्याच पुस्तकात, गतीच्या नियमांच्या धड्यात आहे!

एका सेकंदाची किंमत

ताशी 40 कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे 11 मीटर. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला असे धरू. तेवढ्यात गाडी 11 मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर गाडीचा वेग दर सेकंदाला 5 मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो असे मानले, तर v²/2a या सूत्राने आणखी सुमारे 12 मीटर लागतात. एकूण 23 मीटर झाले. ताशी 60 कि.मी. वेगाला हीच बेरीज सुमारे 44 मीटर होते. वेग दीडपट झाला, पण थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट झाले!

भावाने खांद्यावर थाप मारून “तिकडे बघ” म्हटले आणि ताईने दोन सेकंद मान वळवली, तर ताशी 40 कि.मी. वेगाला 22 मीटर रस्ता न पाहताच सरतो. ऊसतोडीच्या दिवसांत मागचा दिवा नसलेली ट्रॉली अंधारात पुढे उभी असेल, तर हे 22 मीटर कोठून आणणार?

मागे बसणाराही गाडी चालवतो

स्कूटर 105 किलो, ताई 50 किलो आणि भाऊ 45 किलो धरू. वस्तुमान 155 वरून 200 किलो झाले. ब्रेक पूर्वीइतक्याच जोराने दाबला, तर 12 मीटरऐवजी सुमारे 16 मीटर लागतील. “मग ब्रेक जास्त जोराने दाबावा,” असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, वजनाबरोबर टायर आणि रस्ता यांमधील घर्षणही वाढते. पण एकटीने चालवण्याची सवय झालेल्या हाताला ते ऐन वेळी सुचले पाहिजे. शिवाय रस्त्यावर मुरूम किंवा चिखल असेल, तर जोराने दाबलेला ब्रेक चाक घसरवतो.

ब्रेक लागताच जडत्वामुळे भाऊ पुढे ढकलला जातो. त्याला थांबवण्यास 45 × 5 = 225 न्यूटन बल लागते. हे जवळजवळ 23 किलोच्या पोत्याचे वजन झाले. त्याने पकडदांडा धरला नसेल, तर हा भार ताईच्या पाठीवर आणि हातांवर येतो.

तो 20 सें.मी. बाजूला झुकला, तर सर्वांचा मिळून असलेला गुरुत्वमध्य साडेचार सें.मी. सरकतो. तोल सांभाळण्यासाठी ताईला गाडी विरुद्ध बाजूला कलती करावी लागते. वळणावर गाडी आत कलते, तेव्हा मागच्याने घाबरून उलट बाजूला झुकू नये. चालकाबरोबरच कलावे.

ताशी 40 कि.मी. वेगाने आदळणे हे सुमारे 6 मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडण्यासारखे आहे. हेल्मेटमधील थर्मोकोलसारखा थर दबतो आणि डोके थांबण्यास थोडे अधिक अंतर मिळते. अंतर वाढले की बल कमी होते. म्हणून हेल्मेट दोघांनाही हवे.

निघण्यापूर्वीचा करार

नियम रस्त्यावर नव्हे, किल्ली फिरवण्यापूर्वी ठरवावेत:

1. हेल्मेटचा पट्टा दोघांनी बांधल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही.
2. वेग चालक ठरवील. “पळव” हा शब्द मागच्याने उच्चारायचा नाही.
3. दोन्ही पाय पायदानावर, एक हात पकडदांड्यावर. मोबाइल खिशात.
4. काही सांगायचे असल्यास “थांब” म्हणावे. गाडी कडेला घेऊन बोलावे.
5. मित्र भेटला, तरी तिसरा बसणार नाही.
6. करार मोडल्यास ताई गाडी थांबवील. यात रुसवा नाही.

मागच्यालाही एक हक्क आहे: भीती वाटली, तर “ताई, हळू घे” असे म्हणण्याचा. ताईने ते ऐकलेच पाहिजे.

कायदाही हेच सांगतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवान्यासाठी 18 वर्षे पूर्ण हवीत. केवळ 50 घ.सें.मी.पर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी ही मर्यादा 16 वर्षे आहे. आजच्या बहुतेक स्कूटरी त्याहून मोठ्या असतात. शिकाऊ परवान्यावर भावंडाला मागे बसवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

करून पाहा

भावंडाला 30 सें.मी.ची पट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी तुमची दोन बोटे, न टेकवता, उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडावी, तुम्ही ती पकडावी. पट्टी 20 सें.मी. घसरली, तर तुमचा प्रतिक्रिया-काल सुमारे 0.2 सेकंद आहे (s = ½gt²). रस्त्यावर धोका ओळखून निर्णय घ्यावा लागतो, म्हणून तेथे वेळ याहून अधिक लागतो.

हाच प्रयोग दहा वेळा करा. मग भावंडाला तुमच्याकडून सतराचा पाढा म्हणवून घेत पुन्हा दहा वेळा करा. दोन्ही सरासरी काढा. शिक्षकांनी वर्गातील सर्वांच्या सरासऱ्या फळ्यावर मांडाव्यात. चालत्या गाडीवर मागच्याने गप्पा का मारू नयेत, याचे उत्तर विद्यार्थी मग स्वतःच देतील.