खेकडे पकडूया, पण शिकत शिकत!



कोकणातल्या मुलांना खेकडा शिकवायला पुस्तकातलं चित्र कशाला हवं? खाडी शाळेच्या मागेच आहे. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना घेऊन मी खाडीच्या मुखाशी असलेल्या धक्क्यावर गेलो. त्या एका सकाळी विज्ञान, गणित आणि थोडं माणूसपणही शिकून झालं. तुम्हालाही करता येईल, म्हणून हा पाठ लिहितोय.

साहित्य

लोखंडी कडी, तिच्यावर ताणलेली जाळी, तीन बाजूंनी बांधलेली दोरी आणि खुणेसाठी थर्माकोलचा तुकडा. आमच्याकडे याला फग म्हणतात. मधोमध बांगड्याचं किंवा तारलीचं डोकं घट्ट बांधायचं. खेकडा आमिष डोळ्यांपेक्षा वासाने शोधतो, म्हणून तेलकट, वासाचा मासा बरा. सोबत बादली, ओलं गोणपाट, सुतळी, मोजपट्टी आणि वही.

आधी गणित, मग खाडी

फग भरती चढत असताना लावायचा. भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत मुलांना सांगा: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर ४ × ३/४ = ३, म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती. द्वादशीला ९ वाजता. तिथी शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. आदल्या किंवा पुढच्या भरतीसाठी सुमारे साडेबारा तास धरायचे. रोज भरती पाऊण तासाच्या आसपास पुढे का सरकते, हा प्रश्न मुलांवर सोडा. चंद्रापर्यंत ती आपोआप पोहोचतात.

हा मात्र अंदाज आहे. जागेनुसार वेळ मागेपुढे होते. मी एकदा नुसत्या हिशोबावर विसंबलो आणि एका मुलाची चप्पल गुडघाभर चिखलात गेली, ती गेलीच. तेव्हापासून आदल्या दिवशी खाडीवरच्या होडीवाल्याला विचारतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि पावसाळ्यात मुलांना नेऊच नका. चिखलात उतरायचं नाही, धक्क्यावरूनच फग सोडायचा. चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.

कृती

फग तळाला टेकू द्या. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग दोरी एका दमात, न थांबता ओढा. हात अडखळला की खेकडा बाहेर. खेकडा काठीने दाबून मागच्या बाजूने धरायचा, नांग्यांच्या समोर बोट न्यायचं नाही. पाय धरून ओढू नका. धोका वाटला की तो स्वतःच पाय सोडून देतो. नवा पाय पुढे कात टाकताना येतो, पण तोवर त्याचे हालच.

आता उलटा करून पोटाकडची झडप बघा. निमुळती, त्रिकोणी असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. पाठीची रुंदी मोजा, वहीत लिहा: तिथी, वेळ, नर की मादी, रुंदी. अमावस्येला खेकडे भरलेले आणि पौर्णिमेला पोकळ, असं आपण ऐकत आलोय. बाजारातून आणलेले खेकडे घरी वजन करून वर्षभर नोंदी ठेवल्या, तर मुलंच हे खरं-खोटं तपासतील.

सोडायचं की न्यायचं?

त्या दिवशी शेवटच्या फगात पाठीवर तीन ठिपके असलेली मोठी मादी आली. झडपेखाली नारिंगी अंड्यांचा घोस. मी "सोडून देऊया" म्हणालो. एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, माझी आई अशीपण विकते. मग ती चुकते का?"

मी गप्प झालो. तिची आई बाजारात खेकडे विकते, त्यावर घर चालतं. मी एवढंच म्हणालो, "आपण आज गंमत म्हणून आलोय. आईचं पोट त्यावर आहे. दोघांना एकच नियम कसा लावू?" मग त्या घोसात लाखांच्या घरात अंडी असतात, त्यातली फारच थोडी जगतात, हे सांगितलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. शेवटी तिनेच ती मादी पाण्यात सोडली.

नंतर तिची आई भेटली. म्हणाली, "आम्हीपण सोडतो सर. सगळ्या नाही सोडवत." याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आमचे नियम

अंडीवाली मादी, तळहाताहून लहान खेकडा आणि नुकती कात टाकलेला मऊ खेकडा सोडायचा. जेवढे फग टाकले तेवढे मोजून परत आणायचे, कारण पाण्यात राहिलेली जाळी जीव अडकवतच राहते. घरी नेलेले खेकडे ओल्या गोणपाटात जिवंत ठेवायचे. मेलेला शिजवायचा नाही.

तुमच्या गावी खाडी नसेल तर ओढा असेल. ओढ्यातल्या खेकड्याची मादी पिल्लंसुद्धा पोटाशी घेऊन फिरते. ती मुलांना एकदा नुसती दाखवा. पुढचे प्रश्न ती स्वतःच विचारतील.